ग्राफिक्स कार्डाचं रिकामं खोकं

१

खोकं उचलताच कार्तिकचा चेहरा उतरला. त्यानं ते कानाशी नेऊन हलवलं, झाकण उघडलं, आत हात घातला. हाताला चंदेरी पिशवी लागली. पिशवीत काहीच नव्हतं.

"अक्का," तो घरच्या तंजावरी मराठीत म्हणाला, "कार्ड नाहीं."

लक्ष्मीप्रिया दारात उभी होती. आदल्या दिवशी तेराव्याचं जेवण उरकलं होतं, पाहुणे पांगले होते, आणि अप्पा गेल्यापासून त्यांच्या खोलीतला पंखा पहिल्यांदाच फिरत होता. जमिनीवर चादर अंथरून कार्तिकनं एकेक भाग मांडला होता: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, पॉवर सप्लाय, आणि वर मूठ असलेलं एक छोटं काळं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्डाचं खोकं सगळ्या चळतीच्या तळाशी होतं, म्हणून ते शेवटी हाती आलं.

अप्पा, म्हणजे विजयराघव राव, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच जुळवायचं मुलाच्या डोक्यात आलं, आणि बाप त्याच्यापेक्षा जास्त रंगला. प्रिया तिरुच्चीहून फोन करायची तेव्हा तिची विचारपूस दोन वाक्यांत आटोपून ते बजेटवर यायचे. "ऐक. अर्धं बजेट कार्डावर. कार्ड नसलं तर बाकी सगळं म्हणजे डब्यात कोंडलेला पंखा. पॉवर सप्लायवर कंजूषपणा नको, तो जळला तर सगळ्यांना घेऊन जळतो. रॅम एका पट्टीऐवजी दोन घ्याव्या. आणि कॅबिनेट सगळ्यांत स्वस्त. डबा तो डबा!" तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही. तिकडे कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरीला होती; टेबलावर फोन आडवा ठेवून ती नुसती 'हं' म्हणत राहायची.

कार्ड अप्पा स्वतः दुकानातून घेऊन आले आणि खोकं मोठं म्हणून चळतीच्या तळाशी ठेवलं. ते खोक्यातून काढायच्या आधीच हृदयविकाराचा झटका आला. सुतकात त्या खोलीत कुणी शिरल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं.

"खोकं तर घरातच होतं," प्रिया म्हणाली. "घर एकदाही रिकामं नव्हतं. मग?"

"मी सांगूं कां कोण नेलं?" मागून आवाज आला.

महालिंगकाका केव्हा येऊन उभे राहिले होते, कुणास ठाऊक.

२

महालिंगकाका अप्पांचे धाकटे भाऊ. पेरिय तेरुवर, म्हणजे गावातल्या मोठ्या रस्त्यावर, त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. अप्पा गेल्यापासून या घरातलं सगळं तेच ठरवत होते. विशालाक्षीनं, म्हणजे अम्मानं, वर्षभर रस्त्याकडचा उंबरा ओलांडायचा नाही, हेही त्यांनीच जाहीर केलं होतं. घराण्याची रीतच तशी होती.

"सेतू," काका म्हणाले. "दहाव्याला. आम्ही पुरुष सगळे कावेरीवर होतों. तांब्या विसरला म्हणून त्याला परत धाडलं. मी त्याच्या मागोमाग आलों तर हा परसदारानं बाहेर पडतोय, छातीशी पंच्यात गुंडाळलेलं काहीं धरून. मी हांक मारली. थांबला नाहीं."

सेतू अप्पांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आत्या वारल्यावर तो याच गल्लीत, पण खरं म्हणजे याच घरात वाढला. बस स्टँडजवळ गुरुमूर्तीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथे तो दुरुस्तीचं काम करायचा. सगळे भाग तिथूनच आले होते.

"तेव्हाच कां नाही बोललात?" प्रियानं विचारलं.

"सुतकांत चोरीची गोष्ट काढूं? आज बोललों. गुरुमूर्तीलाही सकाळीं फोन करून सांगितलं."

"फोन? काका, कार्ड नाही हे आम्हांलाच आत्ता कळलं!"

"मज अंदाज होता." काकांनी मान फिरवली. "लोक आपल्या मशिनी विश्वासानं त्याच्या हातीं सोपवतात. त्यांना सावध नको करायला?"

"पण विचारायचं तरी आधी."

"कोणाला? तुज? तूं चार दिवसांची पाहुणी होतीस. आतां राहणार असशील तर गोष्ट वेगळी. म्हणजे, राहशीलच. वहिनीला एकटी कोण ठेवणार? तिरुच्चीची लायब्ररी काय पळून जाते?"

 गेले काही दिवस हेच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून तिच्याकडे येत होतं, आणि दर वेळी घर थोडं अरुंद व्हायचं.

"आणि हें सगळं वहिनीच्या कानांवर घालूं नका," काकांनी बजावलं. "तिला काय कळतंय यांतलं? आधींच खचलीय ती."

तेवढ्यात कार्तिकचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, आणि फोन हातात धरूनच बहिणीकडे बघितलं. "सेतू होता. गुरुमूर्तीनं सगळ्यांसमोर दुकानाची किल्ली काढून घेतली. संध्याकाळपर्यंत कार्ड नाहीं आलं तर येऊं नको म्हणाला."

"तो नाकारतो ना?"

"तेंच तर," कार्तिक म्हणाला. "म्हणतो, मीच नेलं."

३

सेतू परसातच उभा राहिला, घरात येईना. विहिरीच्या कठड्याला टेकून तो चपलेनं माती उकरत होता.

"आत ये की रे."

"नको, प्रियाक्का. चोराला घरांत घेऊं नये."

"कार्ड तू नेलंस?"

"होय."

"कुठे आहे?"

"आहे."

"मग आणून दे. प्रश्न मिटला."

"तें आणून मिटत नाहीं."

"विकलंस?"

तो हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "त्याचं बिल तुमच्याकडे, खोकं तुमच्याकडे. बिलाशिवाय, खोक्याशिवाय कोण घेतं? विकायचं असतं तर मामांनी आणलेलं तें खोकंच अख्खं पळवलं असतं."

"मग नेलंस कशाला?"

"तेवढं विचारूं नको."

"सेतू, नोकरी जाईल."

"नोकरी नाहीं अक्का, नांव जाईल." त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "या गांवांत लोक आमच्याकडे मशीन ठेवून जातात तेव्हा आंत काय काय आहे हें त्यांनाही माहीत नसतं. मी रॅमची पट्टी काढून घेतली तरी कोणाला कळणार नाहीं. असं असतांना चोर म्हटलेल्याला कोण ठेवतं? गुरुमूर्ती सारनी नाहीं ठेवलं तर दुसरा कोणीच नाहीं ठेवणार."

"आणि तरी सांगणार नाहीस?"

"नाहीं."

तो जायला वळला. दारापर्यंत गेला आणि थांबला. "मामी जेवल्या कां?"

"जेवली थोडं."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा क्षणभर असा झाला, की प्रियाला वाटलं, आपण विचारत होतो तो प्रश्नच चुकीचा आहे. हा कार्ड लपवत नाही. हा कुणाला तरी लपवतोय.

४

ती परसातच बसून राहिली. घरात गेलं की कुणीतरी भेटायला आलेलं असायचं, आणि मग अप्पांचा शेवटचा दिवस पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागायचा.

काकांचं बोलणं तिनं मनात पुन्हा ऐकलं. पंच्यात गुंडाळून. दहाव्याला कावेरीवरून आलेला पंचा. म्हणजे ओला.

तिनं कार्तिकला हाक मारली. "कार्ड त्या चंदेरी पिशवीत कशाला ठेवतात?"

"अंगांतली स्थिर वीज लागूं नये म्हणून. सेतू तर मज पिशवीशिवाय कार्डाला हातही लावूं देत नाहीं. हात पुसून ये, हें काढ, तें काढ, नुसता सोवळ्यांतला भटजी!"

"आणि त्यानंच ते पिशवीतून काढून ओल्या पंच्यात गुंडाळलं?"

कार्तिकचं तोंड उघडं राहिलं.

"म्हणजे पिशवीतून काढलं दुसऱ्या कुणीतरी," प्रिया म्हणाली. "सेतूच्या हाती आलं तेव्हा ते ओलंच होतं. म्हणूनच त्याला ओला पंचा चालला."

ती उठली. विहिरीपलीकडे भांडी घासायची फरशी होती. दहाव्याला घरातलं झाडून सगळं पितळ तिथे निघालं होतं. समया, तांबे, घंटा, सगळं चिंचेनं घासलं होतं. फरशीच्या कडेला, पाणी वाहून जायच्या चरात, चिंचेचा वाळलेला चोथा आणि नारळाच्या काथ्याची घासणी अजून पडून होती. तिनं घासणी काडीनं उलटली. काथ्यात काहीतरी काळं अडकलं होतं. नखाएवढी रबराची टोपी.

"ही कसली?"

कार्तिकनं ती तळहातावर घेतली. "नवीन कार्डाच्या पोर्टावर असते. धूळ जाऊं नये म्हणून." मग त्यानं फरशीकडे पाहिलं, चिंचेकडे पाहिलं. "अक्का, इथें तर..."

"त्या दिवशी इथे एकटी अम्माच होती. मी पुढच्या खोलीत लोकांत बसले होते."

सेतू अजून गल्लीच्या तोंडाशीच होता. प्रियानं त्याला गाठून मूठ उघडली. टोपी बघताच तो मटकन पायरीवर बसला.

"सुतक फिटायचं म्हणून मामी सगळं धातूचं शुद्ध करत होत्या," तो म्हणाला. "त्यालाही धातूच्या पट्ट्या असतात ना, भांड्यासारखंच वाटलं असेल. काथ्यानं घासलं, अक्का. तांदळाएवढे बारीक भाग असतात, ते उखडून गेले. मी म्हटलं, मामी, वाळवून आणतों, कांहीं झालं नाहीं. मामांनी शेवटचं आणलेलं आपल्या हातानं गेलं, हें त्यांना कां कळावं? मी काय, दुसरं कांहीं तरी बघेन."

"काय बघशील?"

तो पायरीवरची माती चपलेनं सारू लागला.

तर उलगडा हा होता: एका दुःखी बाईची भाबडी चूक, आणि एका भाच्याची माया. अम्माला हळुवारपणे सांगावं, तिनं काकांना सांगावं, काकांनी गुरुमूर्तीला. प्रिया घरी परतली. स्वयंपाकघरात अम्मानं चटणी वाटून नुकताच मिक्सर बंद केला होता. ओट्यावर सांडलं होतं. प्रियानं ओलं फडकं पिळलं आणि मिक्सर पुसायला हात पुढे केला.

"अगे, ओलं लावूं नको!" अम्मा गरजली. "मोटार आहे तिच्यांत! कोरडं घे."

प्रियाचा हात तिथेच थांबला.

५

मग एकेक गोष्ट जागेवर बसू लागली, आणि ती बसू नये असं प्रियाला फार वाटत होतं.

जी बाई मिक्सरला ओला हात लावू देत नाही, तिनं कार्ड चिंचेत बुडवलं. खोलीत इतके भाग होते, तरी शुद्धीसाठी एकच निवडलं, तेही चळतीच्या तळाचं. आणि घेतल्यावर रिकामी पिशवी पुन्हा खोक्यात घालून, खोकं पुन्हा तळाशी सारून, वर सगळी चळत होती तशी रचली. ज्याला आपलं काही चुकतंय असं वाटत नाही, तो माणूस खोकं लपवत नाही.

कार्ड नसलं तर बाकी सगळं म्हणजे डब्यात कोंडलेला पंखा. हे अप्पा जेवताना रोज सांगायचे. आणि वाढायला कोण असायचं?

पण का?

ती अप्पांच्या खोलीत गेली. कार्तिक भाग परत खोक्यांत भरत होता.

"एक सांग," ती म्हणाली. "अप्पा म्हणायचे डबा तो डबा, सगळ्यांत स्वस्त घ्यायचा. मग हे छोटं, मुठीचं, महागाचं कॅबिनेट कसं आलं?"

"आवडलं म्हणून."

"प्रोसेसर एक पायरी खालचा घेतलात त्याच्यासाठी. सेतूनंच सांगितलं होतं मला. अप्पा आवडीसाठी असला हिशेब मोडणारे नव्हते. घरात एका जागी राहणाऱ्या मशीनला मूठ कशाला लागते?"

कार्तिक बराच वेळ एका खोक्याची चिकटपट्टी नखानं सारखी करत राहिला.

"बेंगळुरूला," तो शेवटी म्हणाला. "गेम बनवणाऱ्या कंपनींत. खेळून चुका शोधायच्या, असं काम. अप्पांना माहीत होतं. बसमध्ये मांडीवर ठेवून नेतां यावं म्हणून तें कॅबिनेट. मशीन चालूं झालं कीं अम्माला सांगूं म्हणाले. मग..." त्यानं हात झटकला. "आतां कसला जातोंय मी."

अम्मा मागच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. प्रियानं टोपी तिच्यासमोर ठेवली.

"सेतूनं दिली?" अम्मानं विचारलं.

"नाही. मला सापडली. सेतू अजून म्हणतोय तुला ठाऊक नव्हतं."

"म्हणणारच." अम्मानं टोपी उचलली नाही. "मी त्याला तसंच सांगितलं. मज वाटलं होतं, विचारेल, शंका घेईल. लगेच पटलं त्याला. मज कांहीं कळत नाहीं, हें सगळ्यांना लगेच पटतं."

"कॅबिनेट बघून कळलं तुला?"

"मूठ बघून. तुझ्या अप्पांनी मज त्या मशीनचा स्क्रू न् स्क्रू सांगितला. रॅम काय, तो वीजपुरवठा काय. एवढं सांगितलं, आणि तेवढंच नाहीं सांगितलं." तिचा आवाज चढला नाही. "तूं गेलीस. ते गेले. हा जायचा होता. मी वर्षभर उंबऱ्याच्या आंत. मशीन चालूं झालं नाहीं तर जाणार नाहीं, एवढंच डोक्यांत आलं. घासत असतांनाच कळलं हें काय करतेंय मी. पण हात थांबला नाहीं."

बाहेर कुठे तरी ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. प्रियाला अम्माचा हात धरावासा वाटला. पण तो हात काथ्याची घासणी धरून होता तेव्हा आपण पुढच्या खोलीत लोकांना अप्पांच्या आठवणी सांगत होतो, हे तिला विसरता येईना.

"अम्मा, तुला एक गोष्ट कुणी सांगितली नाही. सेतूवर चोरीचा आळ आलाय. काकांनीच गुरुमूर्तीला फोन केला. त्यानं सगळ्यांसमोर किल्ली काढून घेतली. संध्याकाळी त्याची नोकरी कायमची जाणार."

अम्माचा चेहरा हळूहळू बदलला. "आणि तो गप्प?"

"तुझ्यासाठी."

अम्मा उठली आणि खुंटीवरची चादर अंगाभोवती घेऊ लागली.

६

"वहिनी, हें काय!" बोलणं कानावर पडलेले काका दारात आडवे झाले. "मी जातों ना. सांगतों कीं कार्ड सांपडलं, झालं."

"सांपडलं म्हटलं तर तो चोरून परत आणून देणारा चोर होतो," अम्मा म्हणाली. "बाजूला सर, महालिंग."

"लोक काय म्हणतील?"

"तूं फोन करतांना विचारलंस कां लोकांना?"

ऑटोत अम्मा मधे बसली, प्रिया आणि कार्तिक दोन बाजूंना. कुंभेश्वराच्या गोपुरावरून रिक्षा वळली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले; उजेडामुळे की देवामुळे, ते प्रियानं विचारलं नाही. वाटेत प्रिया तिच्या कानाशी एवढंच म्हणाली, "कळत नव्हतं असं सांगितलंस तरी सेतू सुटतो. तेवढं पुरे आहे."

अम्मानं चादर नीट ओढून घेतली.

दुकानात गिऱ्हाइकं होती. काउंटरवर कुणाचं तरी मशीन पोट उघडून पडलं होतं. सेतू बाहेर, स्कूटरपाशी उभा होता. संध्याकाळ झाली म्हणून तो गुरुमूर्तीला शेवटचं भेटायला आला होता. अम्माला पाहून तो धावत आला. "मामी, तुम्ही कशाला? प्रियाक्का, मी म्हटलं होतं ना!"

"तें घेऊन ये," अम्मा त्याला म्हणाली.

त्यानं स्कूटरच्या डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड काढलं. अम्मानं ते स्वतःच्या हातात घेतलं, दुकानाच्या पायऱ्या चढली आणि ते काउंटरवर ठेवलं. गुरुमूर्ती जाडजूड, घामेजलेला माणूस. तो लगबगीनं उठला, प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली, आणि तमिळमध्ये म्हणाला, "तुम्ही कशाला आलात, अम्मा? राव सार मोठे माणूस होते. तुम्हांला या वेळी त्रास नको."

अम्मा बसली नाही. घराबाहेर तीही तमिळच बोलायची, तंजावरी मराठीपेक्षा सावकाश. "या पोरानं काही चोरलं नाही. मी चिंचेच्या पाण्यात घासलं हे. मला वाचवायला तो गप्प राहिला."

गुरुमूर्तीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. काथ्याचे ओरखडे बघून तो चुकचुकला. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा, पण दिलासा देणाऱ्या आवाजात म्हणाला, "अय्यो, जाऊ द्या अम्मा. तुम्हांला काय माहीत असणार या वस्तूंचं? होतं असं. घरची बाई, भांडं समजून..."

 सुटायला दार होतं, आणि ते उघडून ठेवणारा माणूस हसत होता. अम्मानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"तेरियुम्," अम्मा म्हणाली. माहीत होतं.

गुरुमूर्तीचं हसू हळूहळू विरलं.

"पाण्यानं बिघडतं हे माहीत होतं. बिघडावं म्हणूनच घासलं. तुम्ही मघाशी सगळ्यांसमोर त्याची किल्ली घेतलीत. आता सगळ्यांसमोर द्या."

गिऱ्हाइकांपैकी एक खाकरला. गुरुमूर्तीनं खिशात हात घातला, किल्ली काढली. सेतू पुढे येईना, तो अम्माकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला प्रियाला धीर झाला नाही. शेवटी गुरुमूर्तीच काउंटरमागून बाहेर आला, किल्ली त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक माझी, सेतू. स्वामीमलैच्या गिऱ्हाइकाचं ते मशीन तुझी वाट बघतंय. आत ये."

सेतू आत गेला.

अम्मा मागे वळली. पायरीवर कार्तिक उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली. माफी मागितली नाही, कारणही सांगितलं नाही. ती वाट बघत होती.

कार्तिकला ते समजायला थोडा वेळ लागला.

"अम्मा," तो म्हणाला, "मज बेंगळुरूला नोकरी लागली आहे."

"असं?" अम्मा म्हणाली. "कसली?"

आणि तो तिला अगदी पहिल्यापासून सांगू लागला.